सागवानी जहाज आणि हळदूची पट्टी
गलबताची लाकडी प्रतिकृती करताना पट्ट्यांची निवड कशी करावी?

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात जानेफळ हे गाव आहे. सरळ रेषेत मोजले तरी येथून अरबी समुद्र चारशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. मेहकरवरून वाहणारी पैनगंगा पुढे वर्धेला मिळते आणि तिचे पाणी प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत थेट बंगालच्या उपसागराला जाते. या मुलखाचा समुद्राशी एवढाच काय तो संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु याच जिल्ह्यातून जाणाऱ्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत, पश्चिमेकडे, अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सुमारे पाचव्या शतकातील चित्रकाराने तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवून ठेवले आहे. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात जहाज चितारले जाऊ शकते, तर जानेफळच्या एखाद्या घरात, ओसरीवरच्या मेजावर, लाकडी गलबत का आकार घेऊ नये?

शिडाच्या जहाजांच्या प्रतिकृती करण्याचा छंद आपल्याकडे अपरिचित नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेच्या अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात जहाजांच्या प्रतिकृतींची स्पर्धा असते आणि समुद्र क्वचितच पाहिलेले विद्यार्थीही तीत हिरिरीने उतरतात. तयार सुट्या भागांचे परदेशी संच मागवून जहाजे बांधणारे हौशी लोक शहरांतून आहेत. मराठा आरमारातील गुराब किंवा गलबत स्वतःच्या हाताने घडवावे, अशी इच्छा बाळगणारेही आहेत. या सर्वांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो लाकडाचा. सांगाडा तयार झाल्यावर त्यावर बारीक पट्ट्या एकीशेजारी एक बसवून जहाजाचे अंग मढवायचे असते. एका जहाजाला सहा महिने ते वर्षभराचे फावल्या वेळेतील श्रम लागतात. पट्टी चुकीची निवडली, तर हे श्रम पहिल्याच उन्हाळ्यात जोडांच्या फटींतून वाया जाताना पाहावे लागतात.

‘कोणते लाकूड घ्यावे?’ असे विचारताच बहुतेकांच्या तोंडून एकच उत्तर येते : सागवान. हे उत्तर खऱ्या जहाजासाठी अगदी योग्य आहे. प्रतिकृतीच्या बाबतीत मात्र ते तपासून घ्यावे लागते.

सागाची कीर्ती

सागाची कीर्ती पोकळ नाही. या लाकडात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे ते पाण्यात सहज कुजत नाही. ओले-कोरडे होताना ते इतर अनेक लाकडांच्या मानाने कमी फुगते आणि कमी आकसते. इंग्लंडमध्ये जहाजांसाठी वापरल्या जाणाऱ्या ओक लाकडातील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजत. सागात ती अडचण फारशी नसे. म्हणूनच मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील पारशी कारागिरांनी बांधलेल्या सागवानी जहाजांना ब्रिटिश आरमारात मान मिळाला. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरले. दोनशे वर्षे उलटून गेल्यावरही ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत जतन केलेले आहे. सागाला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते हवे?

आपल्या पूर्वजांनी लाकडाची पारख फार आधीपासून केली होती. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात नौकेसाठी लाकडाचे वर्ग पाडले आहेत. ते पाडताना लाकूड हलके की जड, मऊ की कठीण, दुसऱ्या लाकडाशी नीट जोडले जाते की नाही, हे निकष लावले आहेत. लाकडाचे नाव किंवा किंमत तेथे विचारात घेतलेली नाही. प्रतिकृती करणाऱ्यानेही लाकडाला हेच प्रश्न विचारावेत. फरक इतकाच, की त्यांची उत्तरे आता लहान आकाराच्या संदर्भात शोधायची आहेत.

लाकूड लहान होत नाही

प्रतिकृती ठरावीक प्रमाणात केली जाते. १:४८ या प्रमाणाचा अर्थ असा, की खऱ्या जहाजावरील ४८ इंच प्रतिकृतीत एक इंच होतात. ‘त्रिंकोमाली’च्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट आहे. १:४८ प्रमाणात ती सुमारे ९५ सेंटिमीटर होईल, १:७२ मध्ये ६३ सेंटिमीटरच्या थोडी वर आणि १:९६ मध्ये ४८ सेंटिमीटरच्या आत. जहाज लहान झाले, तोफा लहान झाल्या, दोर बारीक झाले. लाकडाची छिद्रे मात्र होती तेवढीच राहतात.

सागाच्या आडव्या छेदाकडे भिंगातून पाहिले, तर वर्षागणिक वाढलेल्या वलयांच्या प्रारंभी मोठ्या छिद्रांची रांग दिसते. झाडात पाणी वर नेणाऱ्या या नळ्या. त्यांचा व्यास पाव मिलिमीटरच्या आसपास असतो. १:४८ प्रमाणाच्या जहाजावर पाव मिलिमीटरचे छिद्र म्हणजे खऱ्या जहाजाच्या फळीवर १२ मिलिमीटरचे भोक. १:९६ प्रमाणात तेच २४ मिलिमीटरचे, म्हणजे जवळजवळ एक इंचाचे. पट्टी उभी कापली की या छिद्रांच्या लांबट खाचा दिसू लागतात. ‘त्रिंकोमाली’च्या अंगावर बोटभर रुंदीच्या खाचा पडल्या आहेत, असे चित्र कोणाला रुचेल? सागाच्या ठळक रेषांचेही तसेच. दारावर वा कपाटावर ज्या रेषा शोभतात, त्या हातभर लांबीच्या जहाजावर अवास्तव मोठ्या वाटतात.

दुसरी अडचण सरसाची. ज्या तेलामुळे साग पाण्यात टिकतो, तेच तेल पांढऱ्या डिंकाची पकड सैल करते. साग वापरायचाच असेल, तर चिकटवण्याच्या जागी काचपेपर फिरवून, थिनर वा ॲसिटोनने पुसून, लगेच जोड द्यावा लागतो. तिसरी अडचण हत्यारांची. सागात वाळूसारखा सिलिकेचा अंश असतो. त्यामुळे पात्याची धार लवकर बोथट होते, आणि बोथट पाते बारीक पट्टीच्या कडा फाडते.

यावरून साग त्याज्य ठरतो असे नव्हे. आतल्या सांगाड्याला, जहाज ठेवण्याच्या बैठकीला आणि मोठ्या प्रमाणातील प्रतिकृतीच्या डोलकाठीला तो उत्तम आहे. बाहेरून दिसणाऱ्या बारीक फळ्यांसाठी मात्र सूक्ष्म छिद्रांचे, एकसारख्या पोताचे आणि अंधूक रेषांचे लाकूड हवे. युरोपातील प्रतिकृतिकार नासपतीचे आणि बॉक्सवुडचे लाकूड पसंत करतात ते यासाठीच.

दोन थर, दोन लाकडे

नवशिक्याने जहाजाचे अंग दोन थरांत मढवावे, हा सर्वमान्य संकेत आहे. पहिला थर साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांचा. त्याचे काम आकार पकडण्याचे. तो घासून गुळगुळीत केला, खोलगट जागी लांबी भरली, की त्यावर अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा दुसरा थर बसतो. डोळ्यांना दिसतो तो हा दुसरा थर.

म्हणजे पहिल्या थराला देखणे लाकूड लागत नाही. ते मऊसर, सहज वाकणारे आणि सहज घासले जाणारे असले की पुरे. परदेशी संचांत यासाठी लाइम किंवा बासवुड नावाचे लाकूड येते. आपल्याकडे शिवण हे काम चोख करते. बाल्साचे लाकूड मात्र या कामी घेऊ नये. ते विमानांच्या प्रतिकृतींना उपयोगी असले, तरी इतके मऊ असते की बोटाच्या दाबाने खळगा पडतो आणि घासताना कडा उतरतात.

जाडीचा वाकण्याशी असलेला संबंधही ध्यानात घ्यावा. पट्टीची जाडी निम्मी केली की तिचा ताठरपणा निम्मा होत नाही, तो एक-अष्टमांश होतो. दोन मिलिमीटरची जी पट्टी नाळेच्या गोलाईवर तडकते, तीच एक मिलिमीटरची केली तर विनातक्रार वळते. लाकूड वाकत नाही, अशी तक्रार करणाऱ्याने प्रथम जाडी मोजावी.

रुंदीचे गणित

पट्टीची रुंदी मनाला येईल तशी ठरवू नये. खऱ्या जहाजावर एक फूट रुंदीची फळी असेल, तर १:४८ प्रमाणात ती सुमारे सहा मिलिमीटर होते, १:७२ मध्ये चार मिलिमीटरच्या थोडी वर. दहा मिलिमीटरच्या पट्ट्या लावल्या तर काम लवकर उरकेल. परंतु पाहणाऱ्याला ते जहाज न वाटता पेटी वाटेल.

आता एक उदाहरण घेऊ. जहाजाच्या मध्यभागी, तळाच्या कण्यापासून वरच्या काठापर्यंत, फासळीवरून कागदाची पट्टी फिरवून अंतर मोजले आणि ते १०८ मिलिमीटर भरले. सहा मिलिमीटरच्या पट्ट्या घेतल्या, तर एका बाजूला १८ पट्ट्या लागतील. पुढे नाळेजवळ हेच अंतर ६३ मिलिमीटर असेल, तर त्याच १८ पट्ट्या तेथे प्रत्येकी साडेतीन मिलिमीटर रुंदीच्या व्हायला हव्यात. म्हणजे प्रत्येक पट्टी टोकाकडे रंध्याने निमुळती करावी लागणार. निमुळती करताना मूळ रुंदीच्या निम्म्याखाली जाऊ नये, असा नियम आहे. टोक फार बारीक झाले की ते टिकत नाही. येथे निम्मी रुंदी तीन मिलिमीटर, आपण साडेतीनवर आहोत, ठीक आहे. मागील बाजूस अंतर १२६ मिलिमीटर भरले, तर प्रत्येक पट्टी सात मिलिमीटरची हवी. पण ती तर सहाच मिलिमीटरची आहे. उरलेल्या जागेत पाचरीच्या आकाराचे जादा तुकडे बसवावे लागतील. खऱ्या जहाजांवरही जहाजबांधणी करणारे कारागीर असेच करीत.

हे गणित पट्ट्या विकत घेण्यापूर्वी केले, की संख्या निश्चित होते. दोन्ही बाजू मिळून ३६ पट्ट्या, अधिक एक-पंचमांश राखीव, म्हणजे सुमारे ४४. राखीव पट्ट्यांची काटकसर करू नये. काही पट्ट्या मोडतात, काही चुकीच्या कापल्या जातात, आणि नंतर आणलेल्या पट्टीचा रंग पहिल्याशी जुळेलच असे नाही.

दुसऱ्या थराच्या बाबतीत एक सोय आहे, ती अनेकांच्या लक्षात येत नाही. खऱ्या जहाजाची फळी जहाजाइतकी लांब नसे. चोवीस फुटांची फळी धरली, तर १:४८ प्रमाणात ती फक्त १५ सेंटिमीटर होते. म्हणजे बाहेरचा थर वीतभर तुकड्यांचाच असायला हवा. सांधे एकाखाली एक न येता सरकवलेले असावेत, इतकेच. यामुळे मीटरभर लांबीचे निर्दोष लाकूड शोधण्याची गरज उरत नाही. सुताराकडे उरलेला फूटभराचा चांगला तुकडा जहाजाच्या अंगाला पुरेसा होतो.

गावातले लाकूड

जानेफळसारख्या गावात बॉक्सवुड मिळणार नाही, हे उघड आहे. पण विदर्भातील कोरड्या पानझडी जंगलांचा हा प्रदेश लाकडांच्या बाबतीत दरिद्री नाही. सुतारशाळेच्या कोपऱ्यात काय सापडू शकते, ते पाहू.

हळदू हे या कामासाठी सर्वांत गुणी लाकूड. नावाप्रमाणे पिवळसर, अतिशय बारीक आणि एकसारख्या पोताचे. फण्या, गिरण्यांतील बॉबिन, मोजपट्ट्या अशा बारीक कामांसाठी ते वापरले जात असे आणि बॉक्सवुडचा पर्याय म्हणून त्याचा लौकिक होता. रेषा इतक्या अंधूक, की १:७२ प्रमाणातही लाकूड विसंगत वाटत नाही. बाहेरच्या थराला आणि जहाजाच्या पृष्ठतळाला, म्हणजे डेकला, ते शोभून दिसते.

शिवण फिकट रंगाचे, वजनाने हलके आणि एकदा नीट वाळले की आकार न सोडणारे. वाद्ये आणि पेट्या यांसाठी ते प्रसिद्ध आहे. पहिल्या थरासाठी ते घ्यावे.

काळा कुडा नावाने काळा, पण लाकूड हस्तिदंतासारखे पांढरे. कर्नाटकातील चन्नपटणाची रंगीत खेळणी याच लाकडाची असतात. पोत अत्यंत सूक्ष्म. मात्र ओले असताना त्यावर डाग पडतात, म्हणून ते त्वरेने वाळवावे लागते. जहाजाचा पाण्याखालील भाग पांढरट दाखवायचा असेल, तर रंग न देता हे लाकूड वापरता येते.

शिसव गडद आणि कठीण. जहाजाच्या बाजूने जाणारा जाड पट्टा, नांगराचा दांडा, कठड्याची वरची पट्टी अशा ठिकाणी त्याचा गडद रंग उठून दिसतो. ते फारसे वाकत नाही, त्यामुळे पूर्ण अंगाला वापरू नये.

आंब्याचे लाकूड स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे. आतल्या भरावाला ते चालते. बाहेरच्या थराला ते भरड वाटते आणि त्याला कीडही लवकर लागते. बाभूळ वखर, तिफण आणि बैलगाडी यांसाठी अद्वितीय. पण तिचे तंतू वेडेवाकडे जातात, त्यामुळे बारीक पट्टी सरळ उतरत नाही.

बांबूला विसरून चालणार नाही. फळ्या फासळ्यांना जखडणाऱ्या लाकडी खुंट्या प्रतिकृतीत बांबूच्या करतात. बांबूची कामटी पोलादी पत्र्याच्या क्रमाक्रमाने लहान होणाऱ्या छिद्रांतून ओढली, की अर्ध्या मिलिमीटरचा गोल दांडा तयार होतो. हे काम बांबूइतके दुसरे कोणतेही लाकूड सोसत नाही.

शहरांतील प्लायवुडच्या दुकानांत सागाची बीडिंग पट्टी आणि सुमारे अर्धा मिलिमीटरचे व्हिनिअर मिळते. मोठ्या बाजारपेठांत ‘स्टीम बीच’ या नावाने आयात लाकूड असते. वाकण्याच्या बाबतीत त्याला तोड नाही, परंतु हवेतील ओलाव्याने ते बरेच फुगते-आकसते. आइस्क्रीमच्या काड्यांचे हसू करू नये. सांधे जुळवण्याचा आणि टोक निमुळते करण्याचा सराव त्यांच्यावर करावा. चूक झाली तरी नुकसान नाही.

पट्टीची परीक्षा

लाकडाचे नाव ठरले म्हणजे निवड संपली असे नाही. एकाच फळीतून निघालेल्या दहा पट्ट्यांपैकी सहा चांगल्या आणि चार टाकाऊ असू शकतात. त्या ओळखण्याच्या काही सोप्या रीती आहेत.

पहिली परीक्षा डोळ्यांची. पट्टी डोळ्यासमोर लांबवर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहावे. एकाच दिशेने असलेला सौम्य बाक चालतो. पीळ असलेली पट्टी बाजूला ठेवावी, कारण चिकटवल्यावरही ती मूळ स्थितीकडे ओढ घेत राहते.

दुसरी परीक्षा तंतूंची. पट्टीच्या कडेवर रेषा पाहाव्यात. त्या पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समांतर गेल्या पाहिजेत. मध्येच तिरप्या होऊन कडेतून बाहेर पडत असतील, तर वाकवताना नेमकी तेथेच पट्टी तुटेल. गाठीजवळचा भागही याच कारणाने टाकावा.

तिसरी परीक्षा छेदाची. पट्टीच्या टोकावर वाढवलयांच्या कडा दिसतात. लाकूड वलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मे ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते. म्हणून पट्टीच्या रुंद बाजूला वलये उभी छेदून जात असतील, तर ती पट्टी रुंदीत कमी हलते. डेकसाठी अशाच पट्ट्या निवडाव्यात.

चौथी परीक्षा जाडीची. व्हर्नियर कॅलिपरने तीन ठिकाणी जाडी मोजावी. दोन्ही टोकांत आणि मध्यात ०.१ मिलिमीटरहून अधिक फरक असेल, तर दुसऱ्या थरात ती पायरीसारखी उठून दिसते. घासून सपाट करण्याच्या नादात शेजारची पट्टी झिजते.

पाचवी परीक्षा वाकण्याची. राखीव पट्ट्यांतील एक घेऊन गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवावी आणि नाळेच्या गोलाईइतक्या गोल डब्याभोवती हळूहळू वळवावी. लाकडाचे तंतू जखडून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक उष्णतेने मऊ होतो. त्यामुळे थंड पाण्यात रात्रभर भिजवण्यापेक्षा थोडा वेळ गरम पाणी अधिक उपयोगी ठरते. वळवलेली पट्टी डब्याला बांधून पूर्ण वाळू द्यावी. ओली पट्टी जहाजावर चिकटवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. ती वाळली की आकसते आणि शेजारच्या पट्टीपासून सुटते.

वऱ्हाडचा उन्हाळा, वऱ्हाडचा पावसाळा

हवामानाचा विचार परदेशी पुस्तकांत आपल्यासाठी केलेला नसतो. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर, हवा कोरडी ठणठणीत. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल. लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. दोन्ही ऋतूंत त्याची रुंदी सारखी राहत नाही. ऑगस्टमध्ये फुगलेल्या पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटवल्या, तर पुढील एप्रिलमध्ये त्या आकसून जोड उघडतात. उलट, मेमधील कोरड्या पट्ट्या घट्ट बसवल्या, तर पावसाळ्यात त्या फुगून एकमेकींना रेटतात आणि मध्ये उचलल्या जातात.

यावर उपाय असा, की लाकूड आधी काही आठवडे त्याच खोलीत ठेवावे जेथे जहाज बांधायचे आहे. पट्ट्यांची जुडी घरच्या छोट्या वजनकाट्यावर दर चार दिवसांनी तोलावी. वजन उतरत असेल, तोवर लाकूड वाळत आहे. सलग तीन तोलांत वजन स्थिर राहिले, की ते कामाला योग्य झाले. मढवण्याचे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतच्या मधल्या ऋतूत करणे सर्वांत श्रेयस्कर. काम पूर्ण होताच आतून आणि बाहेरून वॉर्निशचा वा लाखेच्या पॉलिशचा हात द्यावा. बाहेरूनच दिला, तर आतली उघडी बाजू ओलावा घेतच राहते.

लाकूड आणावे कोठून?

तयार पट्ट्या महाग पडत असतील, तर त्या स्वतः कापून घेता येतात. पट्टीची जेवढी रुंदी हवी तेवढ्या जाडीची फळी रंधून घ्यावी, आणि तिच्या कडेवरून दीड मिलिमीटरचे काप काढावेत. येथे करवतीच्या पात्याची जाडी महत्त्वाची. आरागिरणीतील गोल करवतीचे पाते तीन मिलिमीटर लाकूड भुशात घालवत असेल, तर दीड मिलिमीटरच्या प्रत्येक पट्टीमागे दुप्पट लाकूड वाया जाते. एक मिलिमीटरच्या बारीक पात्यावर हे नुकसान बरेच कमी होते. मोठ्या करवतीवर इतकी बारीक पट्टी हाताने रेटणे धोक्याचे आहे. ढकलण्यासाठी लाकडी दांडी वापरावी, नाकावर फडके बांधावे आणि शक्यतो हे काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

लाकडाच्या उगमाचा प्रश्न मात्र केवळ पैशाचा नाही. साग, आंबा, फणस, हळदू या वृक्षांची तोड महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या कक्षेत येते आणि परवानगीवाचून ते तोडता येत नाहीत. छंदासाठी झाड पाडण्याची गरजही नाही. एका जहाजाला लागणारे लाकूड एका जुन्या चौकटीत मावते. मोडलेले कपाट, वाड्याची काढून ठेवलेली खिडकी, सुताराकडचे उरलेले तुकडे यांत पन्नास-साठ वर्षे वाळलेले लाकूड मिळते. नव्या लाकडापेक्षा ते अधिक स्थिर असते. त्यात दडलेले खिळे तेवढे कापण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून शोधावेत.

रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे, याविषयी मार्मिक सूचना आहेत. राज्यातील अरण्यातले सागासारखे वृक्ष अनुमतीने तोडावेत, आणखी लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणस हेही आरमाराच्या उपयोगाचे असले तरी त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्यांचा आशय आहे. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तरच मालकाला राजी करून, मोल देऊन ते घ्यावे. राज्याच्या संरक्षणासाठी खरी लढाऊ जहाजे बांधणाऱ्यांना जो संयम सांगितला गेला, तो दिवाणखान्यात ठेवायच्या हातभर जहाजासाठी पाळणे मुळीच अवघड नाही.

अजिंठ्याच्या चित्रातील जहाज आता समुद्रावर उतरले आहे. त्या चित्रावरून प्रेरणा घेऊन गोव्यात बांधलेली, लाकडी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेली ‘कौंडिण्य’ ही नौका २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्या बांधणीसाठी कोणताही जुना आराखडा उपलब्ध नव्हता. बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखालील कारागिरांनी हजारो टाके घालून ती उभी केली. खिळ्यांनी ठोकलेली असो वा दोरीने शिवलेली असो, फळी शेजारच्या फळीला कडेने कडा मिळेल अशी बसली, तरच नौका पाणी धरत नाही. प्रतिकृतीला पाण्यात उतरायचे नसते. पण कडेला कडा मिळण्याचा कायदा तिलाही लागू आहे.

तेव्हा लाकूड घ्यायला निघण्यापूर्वी फासळीवरून कागद फिरवून रुंदीचे गणित करावे, आणि दुकानातील ‘उत्तम सागवाना’ला हात घालण्याआधी गावातील सुताराच्या कोपऱ्यात एकदा डोकावावे. धूळ झटकल्यावर तेथे हळदूचा एखादा पिवळा तुकडा निघाला, तर त्याची एक पट्टी कापून वाकवून पाहावी. ती न तडकता वळली, तर जहाजाचे निम्मे काम झाले असे समजावे.